पूर्ण आणि अपूर्ण प्रथिने

शालेय पुस्तकांत आहारावरील धडा आला की प्रथिनांचे दोन वर्ग सांगितलेले असतात. दूध, अंडी, मासे व मांस यांतील प्रथिने पूर्ण होत. धान्ये, कडधान्ये व भाज्या यांतील अपूर्ण होत. परीक्षेपुरते हे पाठ करावयास सोपे आहे. परंतु ज्या घरात मांस शिजत नाही आणि दूध चहापुरतेच येते, अशा घरातील एखाद्या चौकस मुलाने हा धडा वाचून "मग आमचे रोजचे जेवण अपूर्णच म्हणायचे का?" असे विचारले, तर त्याला काय सांगावयाचे? आपल्या देशातील कोट्यवधी लोकांना मिळणाऱ्या प्रथिनांचा मोठा भाग धान्यांतून व डाळींतून येतो. तेव्हा हा प्रश्न त्या एका मुलाचा नाही. त्याचे उत्तर शोधण्यास शास्त्रज्ञांनी दोनशे वर्षांपूर्वी प्रारंभ केला, आणि गेल्या पन्नास-साठ वर्षांत त्या उत्तरात एकाहून अधिक वेळा दुरुस्ती करावी लागली आहे.

हाडांचे सूप

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसमध्ये गरिबांच्या पोषणाचा प्रश्न बिकट झाला होता. मांस महाग होते, परंतु खाटिकखान्यातील हाडे मात्र फुकट जात. दार्से नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने त्या हाडांतून जिलेटीन काढण्याची पद्धत प्रचारात आणली, आणि रुग्णालयांत व अनाथगृहांत जिलेटिनाचे सूप वाटले जाऊ लागले. मांसातील सत्त्व जर नायट्रोजनयुक्त पदार्थांत असेल, आणि जिलेटिनातही नायट्रोजन भरपूर असेल, तर एकाची जागा दुसऱ्याने का घेऊ नये, असा हा विचार होता. तर्कदृष्ट्या त्यात काही वावगे दिसत नव्हते.

त्याच नगरीत फ्रांस्वा माझांदी हा शरीरशास्त्रज्ञ कुत्र्यांवर प्रयोग करीत होता. केवळ साखर, केवळ ऑलिव्ह तेल, केवळ डिंक किंवा केवळ लोणी खाऊन कुत्री जगत नाहीत, हे त्याने १८१६ मध्ये दाखवून दिले होते. पोट भरलेले असूनही ती खंगत आणि महिन्याभरात मरत. नायट्रोजन नसलेल्या अन्नावर प्राणी जगू शकत नाही, हा निष्कर्ष त्यातून निघाला. पुढे जिलेटिनाच्या सुपाविषयी तक्रारी वाढल्या, तेव्हा फ्रेंच विज्ञान अकादमीने त्याच्याच नेतृत्वाखाली एक समिती नेमली. तिचा अहवाल १८४१ मध्ये आला. जिलेटिनात नायट्रोजन आहे हे खरे, तथापि केवळ त्यावर ठेवलेली कुत्रीही जगत नाहीत, असे समितीला आढळले. नायट्रोजन असणे पुरेसे नाही. तो कोणत्या रूपात आहे याला महत्त्व आहे. ते रूप कोणते, हे सांगण्याची साधने मात्र त्या काळच्या रसायनशास्त्रापाशी नव्हती.

या पदार्थांना सामान्य नाव मिळाले ते याच सुमारास. नेदरलँड्समधील मुल्डर या रसायनशास्त्रज्ञाने १८३८ मध्ये, स्वीडनच्या बर्झेलियसने सुचविलेला, 'अग्रस्थानी असलेले' अशा अर्थाचा ग्रीक शब्द त्यांच्यासाठी योजिला. आपल्या 'प्रथिन' या शब्दात 'प्रथम'ची छाया आहे, आणि मूळ शब्दाचा नादही त्यात उतरला आहे. पारिभाषिक शब्दांच्या वाट्याला असे भाग्य क्वचितच येते. 'अपूर्ण' या विशेषणाविषयी मात्र असे म्हणता येणार नाही. त्याविषयी पुढे बोलू.

खिळ्यांची उपमा

प्रथिनाचा रेणू म्हणजे ॲमिनो अम्लांची लांब साखळी होय. निसर्गातील प्रथिने मुख्यतः वीस प्रकारच्या ॲमिनो अम्लांची बनलेली असतात. खाल्लेले प्रथिन आतड्यांत पचते, म्हणजे त्याची साखळी सुटते. सुटी झालेली ॲमिनो अम्ले रक्तात जातात. आणि शरीर त्यांतून स्वतःला हवी ती प्रथिने नव्याने जुळविते. हरभऱ्याचे प्रथिन हरभऱ्याचे म्हणून आपल्या स्नायूत जात नाही, आणि बकऱ्याचे बकऱ्याचे म्हणूनही जात नाही.

जुन्या छापखान्यांत शिशाचे खिळे जुळवून मजकूर उभा करीत असत. प्रत्येक अक्षराचा वेगळा खण असे. समजा, एखाद्या पानात 'ळ' हे अक्षर चाळीस वेळा यावयाचे आहे आणि खणात 'ळ'चे दहाच खिळे आहेत. अशा वेळी 'क' आणि 'र' यांचे ढीग पडले असले तरी जुळारी पान पुरे करू शकत नाही. शरीराचेही तसेच आहे, पण त्यात दोन भेद आहेत. पहिला असा की, वीसपैकी अकरा ॲमिनो अम्ले शरीर स्वतःच तयार करू शकते. उरलेली नऊ मात्र अन्नातूनच यावी लागतात. म्हणून त्यांना आवश्यक ॲमिनो अम्ले म्हणतात. दुसरा भेद असा की, न वापरलेले खिळे खणात पडून राहतात, परंतु न वापरलेली ॲमिनो अम्ले शरीर फार काळ साठवून ठेवीत नाही. त्यांतील नायट्रोजन युरियाच्या रूपाने मूत्रातून जातो आणि उरलेला भाग इंधन म्हणून जाळला जातो. एका 'ळ'च्या अभावी बाकीचे खिळेही भट्टीत जावे, असा हा प्रकार आहे. जे आवश्यक ॲमिनो अम्ल गरजेच्या मानाने सर्वांत तोकडे पडते, त्याच्याच मापाने साऱ्या प्रथिनाचा उपयोग ठरतो.

पॅरिसच्या सुपाचे कोडे आता उलगडते. जिलेटिनात ट्रिप्टोफॅन नावाचे आवश्यक ॲमिनो अम्ल मुळीच नसते.

मक्यावरचे उंदीर

ट्रिप्टोफॅन शुद्ध स्वरूपात वेगळे केले ते केंब्रिजच्या फ्रेडरिक हॉपकिन्स व सिडनी कोल यांनी, १९०१ मध्ये. पाच वर्षांनी हॉपकिन्सने एडिथ विलकॉक या सहकारिणीबरोबर एक साधा पण दूरगामी प्रयोग केला. मक्यात झीन नावाचे एक प्रथिन असते, आणि त्यातही ट्रिप्टोफॅन नसते. केवळ झीनवर ठेवलेले लहान उंदीर लवकर मरत. त्याच अन्नात थोडे ट्रिप्टोफॅन मिसळले की ते अधिक दिवस जगत व तरतरीत दिसत. मात्र त्यांची वाढ होत नसे. याचा अर्थ आणखी काहीतरी उणे होते.

ते उणे शोधून काढण्याचे श्रेय अमेरिकेतील थॉमस ऑस्बर्न आणि लाफायेट मेंडेल या जोडीला जाते. न्यू हेवन येथील कृषी प्रयोगकेंद्रात ऑस्बर्नने अनेक वर्षे निरनिराळ्या बियांतील प्रथिने शुद्ध करण्यात घालविली होती. हे काम कमालीचे चिकाटीचे आणि बाहेरून पाहणाऱ्यास अगदी नीरस वाटेल असे होते. येल विद्यापीठातील मेंडेलबरोबर त्याने ती एकेक प्रथिने उंदरांना खाऊ घालण्यास प्रारंभ केला, तेव्हा त्या चिकाटीचे फळ मिळाले. १९१४ च्या सुमारास त्यांनी दाखविले की, केवळ झीनवर उंदराचे वजन घटते. ट्रिप्टोफॅन घातले की वजन टिकते. आणि ट्रिप्टोफॅनबरोबर लायसीन हे दुसरे ॲमिनो अम्ल घातले की तोच उंदीर वाढू लागतो.

गव्हातील ग्लियाडिन या प्रथिनाची गोष्ट आणखी निराळी निघाली. त्यावर उंदीर जगत, परंतु वाढत नसत; त्यात लायसीन अत्यल्प असते. महिनोन्महिने लहानच राहिलेल्या अशा उंदराला योग्य अन्न देताच त्याची खुंटलेली वाढ पुन्हा सुरू झाली. जगणे टिकविणारे अन्न आणि वाढ घडविणारे अन्न एकच असेल असे नाही, हे या उंदरांनी शिकविले. माणसाच्या मुलाला लावताना ही गोष्ट अधिकच गंभीर होते, कारण लहानच राहिलेले पण आजारी न दिसणारे मूल 'बांध्यानेच बारीक आहे' म्हणून सहज दृष्टीआड होते.

उंदरांवरून माणसाविषयी किती बोलावे? या प्रश्नाचा छडा इलिनॉय विद्यापीठातील विल्यम रोझ याने लावला. शुद्ध ॲमिनो अम्लांचे मिश्रण देऊनही आपले उंदीर वाढत नाहीत, असे पाहून त्याने शोध चालविला आणि १९३५ मध्ये तोवर अज्ञात असलेले थ्रिओनीन हे आवश्यक ॲमिनो अम्ल उजेडात आणले. त्यानंतर १९४२ पासून त्याने आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांवरच प्रयोग आरंभिले. त्या तरुणांचा आहार म्हणजे मक्याचे पिष्ट, साखर, प्रथिन काढून टाकलेले लोणी, तेल, क्षार, जीवनसत्त्वे, आणि प्रथिनाऐवजी मोजून दिलेली शुद्ध ॲमिनो अम्ले. एखादे आवश्यक ॲमिनो अम्ल वगळले की थोड्याच दिवसांत शरीरातून जाणारा नायट्रोजन येणाऱ्यापेक्षा अधिक होई, भूक मरे, थकवा व चिडचिड वाढे. ते परत दिले की सर्व पूर्ववत होई. अशा रीतीने रोझने प्रौढांसाठी आठ आवश्यक ॲमिनो अम्ले निश्चित केली. नववे हिस्टिडीन. अर्भकांना ते लागते हे ठाऊक होते, प्रौढांनाही लागते हे १९७५ मध्ये सिद्ध झाले. विज्ञानाच्या इतिहासात त्या विद्यार्थ्यांची नावे फारशी कोणी घेत नाही, परंतु असले जेवण आठवड्यामागून आठवडे गिळणे हे लहानसहान काम नव्हे.

'अपूर्ण' या शब्दाविषयी

झीन किंवा ग्लियाडिन हे प्रयोगशाळेत वेगळे काढलेले एकेक प्रथिन आहे. आपण झीन खात नाही, मका खातो. मक्याच्या दाण्यात झीनखेरीज दुसरीही प्रथिने असतात, आणि त्यांत लायसीन व ट्रिप्टोफॅन असतात. किंबहुना नित्याच्या खाण्यातील प्रत्येक धान्यात व डाळीत नऊही आवश्यक ॲमिनो अम्ले असतात. भेद असतो तो प्रमाणाचा. ज्यात एखादे आवश्यक ॲमिनो अम्ल अजिबात नाही असा सर्वपरिचित पदार्थ शोधू गेल्यास पुन्हा जिलेटिनाकडेच जावे लागते, आणि गंमत अशी की ते प्राणिज आहे. म्हणून 'अपूर्ण' हा शब्द प्रस्तुत लेखकाला फारसा रुचत नाही. त्यातून काहीतरी गहाळ असल्याचा भास होतो. वस्तुतः ती प्रथिने विषम प्रमाणाची आहेत, एवढेच. पण शब्द रूढ झाला आहे, आणि रूढ शब्दाशी भांडून कोणी जिंकल्याचे आढळत नाही.

हे प्रमाण आकड्यांत पाहू. एक ग्रॅम प्रथिनात लायसीन किती मिलिग्रॅम असते? ज्वारीत सुमारे २३, गव्हात व मक्यात २७-२८, तांदळात ३७, तुरीत व हरभऱ्यात ६५ च्या आसपास, अंड्यात ७०, दुधात त्याहूनही थोडे अधिक. प्रौढ माणसाच्या आहारात ते सरासरीने ४५ असावे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालात म्हटले आहे. सर्व धान्ये या रेषेखाली आहेत आणि डाळी बऱ्याच वर आहेत. उलट मेथिओनीन व सिस्टीन या गंधकयुक्त जोडीत डाळी दुबळ्या आणि धान्ये सबळ. त्या जोडीची गरज दर ग्रॅममागे २२ मिलिग्रॅम आहे. तांदळात ती ४० च्या घरात असते, तर तुरीत जेमतेम २०.

आता ताटाकडे वळू. ५५ किलो वजनाच्या स्त्रीने दिवसभरात ३०० ग्रॅम तांदूळ आणि १०० ग्रॅम तूरडाळ खाल्ली असे धरू. ही वजने कच्च्या धान्याची आहेत. तांदळातून सुमारे २४ ग्रॅम प्रथिन व ८८० मिलिग्रॅम लायसीन मिळेल. डाळीतून सुमारे २२ ग्रॅम प्रथिन व १४०० मिलिग्रॅम लायसीन. एकत्र केल्यास दर ग्रॅम प्रथिनामागे लायसीन ५० पडते आणि गंधकयुक्त जोडी ३०. दोन्ही रेषा ओलांडल्या गेल्या. एकेकटी असता उणी असलेली दोन प्रथिने एकत्र येताच दुधाअंड्यांच्या पंक्तीला बसण्याजोगी होतात. धान्य आणि डाळ यांचे तीनास एक हे प्रमाण भारतीय आहारतज्ज्ञ सुचवितात, त्याचे मर्म हेच.

या जोडीची रूपे देशभर आढळतात. आपला वरणभात आणि खिचडी, दक्षिणेची तांदूळ-उडदाची इडली आणि मुगाचे पोंगल, बिहारची हरभऱ्याचे सत्तू भरलेली लिट्टी, पंजाबची मिस्सी रोटी, झुणका-भाकर, थालीपिठाची भाजणी, आणि सणाच्या दिवशीची पुरणपोळीदेखील. मेक्सिकोत मक्याच्या भाकरीबरोबर घेवड्याचे दाणे खातात. यावरून आपल्या पूर्वजांना लायसीन ठाऊक होते असा निष्कर्ष काढण्याचा मोह कित्येकांना होतो. तो भाबडेपणाचा आहे. ज्वारीच्या शेतात तुरीच्या ओळी घालण्याची पद्धत जमिनीच्या आणि पावसाच्या हिशेबाने पडली असावी, आणि जे शेतात शेजारी उगवले ते ताटातही शेजारी आले. कारण काहीही असो, ज्वारी खाणाऱ्याला त्या शेजाऱ्याची गरज भात खाणाऱ्यापेक्षा अधिक आहे. ३०० ग्रॅम ज्वारीबरोबर १०० ग्रॅम डाळ घेतली तरी लायसीनचे प्रमाण ४० च्या आसपासच राहते. मग पेलाभर दूध, वाटीभर दही किंवा एखादे अंडे यांनी ते वर येते.

एकाच जेवणात हवे काय?

धान्य आणि डाळ एकाच वेळी पोटात गेली पाहिजे, असा समज अद्यापही पुष्कळांच्या मनात आहे. त्याला आधार नव्हता असे नाही. गायगर याने १९४७ मध्ये उंदरांना काही ॲमिनो अम्ले आधी आणि उणी असलेली काही तासांनी दिली, तेव्हा त्यांची वाढ नीट झाली नाही. पुढे १९७१ मध्ये फ्रान्सिस मूर लॅपे या अमेरिकन लेखिकेच्या गाजलेल्या पुस्तकाने वनस्पतिजन्य प्रथिनांची जोडी प्रत्येक जेवणात काटेकोरपणे जुळविण्याचा सल्ला घरोघरी पोहोचविला. १९८१ च्या आवृत्तीत तिने स्वतःच त्यात दुरुस्ती करून, एवढ्या काटेकोरपणाची गरज नसल्याचे लिहिले. १९९४ मध्ये व्हर्नन यंग व पीटर पेलेट यांनी या विषयाचा साकल्याने आढावा घेतला, आणि प्रौढांच्या बाबतीत दिवसभराचा मेळ बसला म्हणजे पुरे, असा निर्वाळा दिला.

हे कसे शक्य होते, यासाठी पुन्हा छापखान्यात जाऊ. पान छापून झाले की त्याचे खिळे सोडवून परत आपापल्या खणांत टाकीत. प्रौढ माणसाच्या शरीरातही दररोज सुमारे २५० ते ३०० ग्रॅम प्रथिन सोडविले जाते आणि पुन्हा जुळविले जाते. अन्नातून येणाऱ्या प्रथिनाच्या कितीतरी पट हा व्यवहार आहे. शिवाय स्नायूंच्या पेशींत सुट्या लायसीनचा थोडासा संचय असतो. सकाळी भाकरी आणि रात्री आमटी असा क्रम झाला तर या उलाढालीतून मधले तास निभावले जातात. दिवसेंदिवस भाकरीच असेल, तर मात्र नाही.

एका शास्त्रीय वादाची कथा

प्रमाण सुधारले म्हणजे पोषण झाले काय? या प्रश्नावर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभर वाद झाला. सिसिली विल्यम्स या डॉक्टर स्त्रीने १९३५ मध्ये गोल्ड कोस्टमधील, म्हणजे आजच्या घानामधील, एका बालरोगाला तेथील गा भाषेतील 'क्वाशिओरकोर' हे नाव वैद्यकात रूढ केले. धाकटे भावंड आल्यावर आईच्या दुधावरून तुटलेल्या आणि मक्याच्या पेजेवर वाढणाऱ्या मुलांचा हा रोग. अंगावर सूज, कातडी सोललेली, मूल मलूल. प्रथिनांची उणीव हेच गरीब जगाचे मुख्य दुखणे, अशी समजूत त्यातून दृढ होत गेली, आणि १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या एका अहवालाने प्रथिनांचे संकट ओढवत असल्याचा इशारा दिला.

भारतातून या मताला दोन बाजूंनी आव्हान मिळाले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील सी. गोपालन यांना असे आढळले होते की, सुजणारी मुले आणि नुसतीच हाडकुळी होणारी मुले यांच्या आहारातील प्रथिनांच्या प्रमाणात विशेष भेद नव्हता. आणि सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९७० मध्ये आकडेवारीनिशी दाखविले की, ज्यांना प्रथिने कमी पडतात त्यांतील बहुतेकांना मुळात अन्नच कमी पडते. पोट अर्धे असेल तर शरीर प्रथिनाचेही सरपण करते. मग ते प्रथिन दुधाचे असो की तुरीचे. लाकडाअभावी कोणी खुर्चीचे पाय चुलीत घालावे, तसे ते आहे. भाकरी पुरेशी नसलेल्या घरात प्रथिनांच्या महागड्या पुड्या नेऊन काय साधणार, हा सुखात्म्यांच्या विवेचनातून उठणारा प्रश्न आजही जाहिराती वाचताना आठवावा असा आहे. १९७४ मध्ये मॅक्लॅरन याने तर प्रथिन-संकटाच्या साऱ्या कल्पनेलाच फजिती ठरविले.

लंबक दुसऱ्या टोकाला गेला. १९८५ च्या आंतरराष्ट्रीय अहवालात प्रौढांची लायसीनची गरज दर किलो वजनामागे अवघी १२ मिलिग्रॅम धरली होती. आपल्या ५५ किलोच्या स्त्रीला त्या हिशेबाने ६६० मिलिग्रॅम पुरे, म्हणजे नुसता भातही चालला असता. परंतु ही मापे नायट्रोजनाच्या जमाखर्चावरून काढलेली होती, आणि त्या पद्धतीत गरज कमी दिसण्याचा धोका असतो. पुढे बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात अनुरा कुर्पाड आणि अमेरिकेतील व्हर्नन यंग यांच्या गटांनी नवी पद्धत वापरली. तिच्यात जड कार्बनाची खूण असलेले एक ॲमिनो अम्ल देऊन उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड तपासतात. लायसीन कमी पडले की बाकीची ॲमिनो अम्ले भट्टीत जातात, आणि खुणेचा कार्बन श्वासावाटे बाहेर पडतो. लायसीन पुरेसे झाले की तो घटतो. भारतीय प्रौढांवरील या मोजमापांतून गरज १२ नसून सुमारे ३० निघाली, आणि २००७ च्या अहवालाने तीच स्वीकारली. त्या स्त्रीची गरज आता १६५० मिलिग्रॅम झाली. भात तोच, खाणारी तीच. पण उत्तर बदलले.

तेव्हा आरंभीच्या मुलाला असे सांगता येईल की, तुझ्या जेवणात भाकरी किंवा भात पोटभर असेल आणि डाळ खरोखरच डाळीइतकी असेल, तर ते अपूर्ण नाही. दोन्ही अटी सारख्याच महत्त्वाच्या आहेत.

दुसऱ्या अटीचा हिशेब पाहण्याजोगा आहे. वर घेतलेली १०० ग्रॅम डाळ म्हणजे दिवसभरात तीन वाट्यांहून अधिक घट्ट वरण. डाळ महागली की आमटीत पाणी वाढते. १०० च्या जागी ३० ग्रॅम डाळ आली, तर त्या स्त्रीच्या अन्नातील लायसीनचे प्रमाण ४३ वर येते. म्हणजे प्रमाण फारसे बिघडत नाही. पण एकूण प्रथिन ४६ वरून ३० ग्रॅमवर आणि लायसीन १३०० मिलिग्रॅमवर उतरते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे तिला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिन हवे. त्यातही डाळी-धान्यांतील प्रथिनांचा साधारण पाचवा हिस्सा न पचताच जातो. तो शेंगदाणे, भाजी, ताक यांनी भरून निघाला तर निघाला.

हीच उणीव दाण्यातच भरून काढता येईल काय? अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात १९६४ मध्ये मक्याचा एक विशेष वाण सापडला. त्यात झीन कमी आणि लायसीन जवळजवळ दुप्पट. पण दाणा मऊ, उत्पन्न कमी, कीड फार. शेतकऱ्याने तो का पेरावा? मेक्सिकोतील संशोधन केंद्रात सुरिंदर वसल आणि इव्हान्जेलिना विलेगास यांनी अनेक वर्षे खपून तो गुण टणक दाण्यात उतरविला, आणि त्याबद्दल त्यांना २००० चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. भारतातही असे वाण निघाले आहेत. मात्र धान्य सुधारल्याने डाळीची जागा भरत नाही, कारण डाळ केवळ लायसीन आणीत नाही, प्रथिनाचा साठाच वाढविते.

सरकारी आकडेवारीनुसार देशात दरडोई दररोज उपलब्ध असलेली डाळ १९५१ मध्ये सुमारे ६१ ग्रॅम होती, १९६१ मध्ये ६९ ग्रॅम झाली, आणि २००१ पर्यंत ३० ग्रॅमवर घसरली. गव्हा-तांदळाचे उत्पन्न ज्या वेगाने वाढले त्या वेगाने कडधान्यांचे वाढले नाही, आणि माणसे मात्र वाढली. त्यानंतरच्या काळात हा आकडा पुन्हा चढला आहे. परंतु दरडोई आकडा म्हणजे सरासरी. घरातल्या पातेल्यातून कोणाच्या वाटीत किती पडले, हे तो सांगत नाही. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत स्त्रीला रोज २२ ग्रॅम अधिक प्रथिन लागते, असे त्याच २०२० च्या शिफारशीत म्हटले आहे. ते जवळजवळ १०० ग्रॅम तूरडाळीतील प्रथिनाइतके आहे. अनेक घरांत ती सर्वांच्या मागून जेवते, आणि तोवर वरणाच्या पातेल्यात वरचे पाणीच राहिलेले असते.